घमेल्यातला माल

गल्लीच्या तोंडावर सैनिक दुप्पट झाले आणि गोळीबार थांबला. रेडिओवर लगेच सुरू झालं, आता दोन्ही पक्षांचा कायमचा समेट होणार. थोरला गवंडी ऐकून डोकं खाजवी. बंदुकीच्या धाकाने माणसं गप्प बसतात, हे त्याला कळत होतं. मनं कशी जुळतात, ते काही केल्या उमजेना.

त्याला समेट हवा होता तो घरापुरता. दोन भावांच्या घरांमध्ये पूर्वी एक दार होतं. धाकटा दुसऱ्या पक्षाला मिळाला तेव्हा थोरल्याने रागाच्या भरात ते विटांनी बुजवलं. धाकटाही गवंडीच, त्याने त्याच दिवशी आपल्या बाजूने दुसरी भिंत चढवली. आई तेव्हा पलीकडे होती, ती तिकडेच राहिली. आता ती त्याच भिंतीलगत अंथरुणाला खिळली होती. चौकटीपाशी राहिलेल्या फटीतून तिचा खोकला ऐकू येई आणि थोरल्याला घास उतरत नसे.

चौकीवर, सैनिकांच्या देखत, भाऊ भेटले. "दादा, आधी तू फोड," धाकटा म्हणाला. थोरला म्हणाला, आधी तू. दुधाने तोंड पोळलेले दोघं, ताकही फुंकूनच पिणार. शेवटी ठरलं, शुक्रवारी सकाळी दोघांनी एकदमच फोडायचं.

नेमकं शुक्रवारीच रेडिओने सांगितलं, जादा सैनिक माघारी चालले.

थोरल्याने छिन्नी काढली. मग सिमेंटचा मालही कालवला, म्हटलं आणखी एक थर असलेला बरा. बायको वैतागली. "छिन्नीही काढलीय, मालही कालवलाय. करायचंय काय नक्की?"

"मला कळलं की सांगतो."

तेवढ्यात पलीकडून ठकठक आली. थापीच्या दांड्याने वीट बसवतात तसा आवाज. म्हणजे धाकटा भिंत वाढवतोय! थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने थापीभर माल उचलला.

"थोरल्या, मी आहे रे," फटीतून आईचा आवाज आला. "धाकटा सकाळीच माल कालवून बसला होता. त्यालाही काही सुचेना, म्हणून बाहेर निघून गेलाय. थापी माझ्या हाताशी राहिली, तिनेच भिंत फोडू बघतेय. ठोकू, का थांबू?"

थोरल्याने थापी खाली ठेवली. छिन्नी उचलायला हात धजेना.

"ठोकत राहा, आई," एवढंच तो म्हणाला. घमेल्यातला माल घट्ट होत चालला होता.