पऱ्हाटीचं कुंपण

जनकाबाईच्या परसातलं कुंपण हा गावात कौतुकाचा विषय होता, आणि ते कौतुक कमी पडलं तर उरलेलं ती स्वतः करायची. दरसाल कापसाची वेचणी आटोपली की शेतातून उपटून आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, एकीला एक लावून ती अशी दाट बांधायची की शेळीच काय, कोंबडीचं पिल्लूही आत शिरू नये. आत वांगी, मेथी, दोडक्याचा वेल. अमडापूरच्या बाजारातून भाजी आणणाऱ्या बायकांची ती मनापासून कीव करायची.

यंदा मात्र वैशाख लागला तरी कुंपणाला हात लागला नव्हता. पऱ्हाट्या काळ्या पडल्या, बुडाला वाळवी लागली, वर वाळका दोडका लोंबत राहिला. मोतीराम, तिचा नवरा, म्हणून म्हणून थकला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. कारण कुंपणाच्या मधोमध एक खिंड होती, बाभळीच्या फांदीनं झाकलेली, आणि खिंडीपलीकडे अजीजुन्निसाचं घर होतं. कुंपण साफ करायचं म्हणजे त्या खिंडीसमोर जाऊन उभं राहणं आलं. तेवढीच हिंमत तिच्यात नव्हती.

आज ती विळा घेऊन उठली, कारण आज अजीजुन्निसा गाव सोडून चालली होती. तिचा मुलगा कलीम खामगावहून टेम्पो घेऊन येणार होता. पलीकडचं परस ओसाड पडलं की तिकडून गुरं घुसतील, कुंपण नीट करायला हवं, असं जनकाबाईनं मोतीरामला सांगितलं. त्यानं मान हलवली. बायको खोटं कधी बोलते, हे त्याला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं.

अजीजुन्निसाचा नवरा फकीर मोहम्मद पिंजारी. गावातल्या गाद्या-उशा त्यानंच पिंजलेल्या. शेत नाही, म्हणून नवराबायको लोकांच्या रानातली पऱ्हाटी उपटून द्यायचे आणि मजुरीत पऱ्हाटीच घ्यायचे. वर्षाचं सरपण व्हायचं. त्यांची गंजी गावात सगळ्यांत मोठी. पण चुलीत घालण्याआधी अजीजुन्निसा प्रत्येक झाडावरचं उरलंसुरलं बोंड तोडून घ्यायची, त्याची कवटं, म्हणजे वरची टरफलं, फोडून त्यातली चिमूटभर रुई काढायची. पिंजाऱ्याच्या घरात रुई जाळायची नाही, एवढंच त्याचं कारण. जनकाबाईचं कुंपण बांधायचं असलं की ती खिंडीतून इकडे यायची. दोघी ऊन उतरेपर्यंत बोंडं तोडत बसायच्या, सुनांच्या, जावांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. बोंडं अजीजुन्निसाची, साफ पऱ्हाट्या जनकाबाईच्या.

गेल्या साली मात्र अजीजुन्निसाची मुलगी महनूर बाळंत झाली आणि ती तिच्याकडे डोणगावला गेली. जनकाबाईला एकटीला कंटाळा आला. बोंडं असली काय आणि नसली काय, कुंपणाला काय फरक पडतो, म्हणत तिनं पऱ्हाट्या होत्या तशाच बांधून टाकल्या. बीटी बियाणं आल्यापासून बोंडअळी ही म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरली होती. या बियाण्याला अळी तोंड लावत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

आणि त्याच साली गुलाबी अळी आली. वरून हिरवंगार बोंड, आणि फोडलं की आत किडलेली सरकी. फवारून फवारून लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, आणि शेवटी अर्ध्या गावानं उभ्या कापसावर ट्रॅक्टर घातला. मोतीरामनंही घातला, आणि घरी येऊन तो ताटावरून तसाच उठला. त्याचा तो चेहरा जनकाबाईला सहन होईना.

मग शाळेच्या ओट्यावर कृषी खात्याच्या माणसानं गाव जमवलं. मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवता, त्यावरच्या बोंडांत ही अळी झोपून राहते आणि पावसाळ्यात पाखरू होऊन शेतात जाते, असं त्यानं समजावून सांगितलं. "कोणाकडे आहेत अशा गंज्या?" त्यानं विचारलं. हात कुणाचा वर गेला नाही. थोडीफार पऱ्हाटी प्रत्येकाच्याच दारात होती. तेव्हा जनकाबाई उठली. का उठली, हे तिला नंतर पुष्कळदा स्वतःला विचारावं लागलं. नुकसान झालं की माणसाला कुणावर तरी बोट ठेवायचं असतं, आणि बोट नेहमी जवळच्याच घरापर्यंत पोहोचतं. ती म्हणाली, "सगळ्यांत मोठी गंजी त अजीजच्या घरी हाये."

भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी फकीर मोहम्मदनं ढकलगाडीवर पऱ्हाट्या लादल्या, गायरानात नेल्या आणि स्वतःच काडी लावली. धूर गावभर दिसला. त्यानंतर लोक गाद्या अमडापूरला न्यायला लागले. अजीजुन्निसा नाल्याकाठी काटक्या वेचताना दिसायची. बाभळीची फांदी पुन्हा कुणी बाजूला सारली नाही. आणि जनकाबाईचं कुंपण तिथंच उभं राहिलं, कारण कुंपणाला कुणी गंजी म्हणत नाही. तिनंही म्हटलं नाही.

आता तिनं वाळका वेल ओढून काढला आणि तिचा हात थांबला. वेलाखाली फांदीफांदीला बोंडं होती, टणक, काळपट. एक तोडलं, हातात फिरवलं. कवटाला बारीक गोल भोक. दुसऱ्याला भोक. तिसरं फोडलं तर आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, मधून पोखरलेल्या, रिकाम्या. अळ्या केव्हाच निघून गेल्या होत्या. तिच्याच परसातून. तिनं हौसेनं बांधलेल्या कुंपणातून.

लाजेनं तिचे कान तापले. आपल्या हातून काय झालं, हे मोतीरामच्या चेहऱ्यासकट तिच्यासमोर उभं राहिलं.

थोड्या वेळानं तिनं सुंभ कापला आणि पऱ्हाट्यांची एक फळी अंगावर ओढली. तेव्हा तिला पलीकडची बाजू दिसली. पलीकडच्या एकाही फांदीवर बोंड नव्हतं. फांद्यांच्या आत, जिथवर बाईचा हात शिरेल तिथवर, देठ नखानं खुडलेले. बोंडं उरली होती ती फक्त अलीकडे, जिथे पलीकडून हात पुरत नव्हता. डोणगावहून आल्यावर अजीजुन्निसानं, कुणी न सांगता, आपल्या बाजूनं कुंपण साफ केलं होतं.

जनकाबाईनं मूठभर बोंडं ओच्यात घेतली आणि बाभळीची फांदी सारली. काटा लागला, तिनं बघितलंही नाही.

अजीजुन्निसा अंगणात बोचकं बांधत होती. शेजारी फकीर मोहम्मदची पिंजण जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवलेली.

"अजीज," जनकाबाई म्हणाली. तिनं ओचा उघडून दाखवला. "हे पाह्य. माह्या कुंपनात होते हे. माह्याच घरून गेली वं अळी."

अजीजुन्निसानं बोंडांकडे पाहिलं. तिला नवल वाटलं नाही.

"हाव. मले माईत हाये. मी तोडले होते थोडे. हात पुरला तेवढे."

"मंग त्या दिवशी सगळ्याइसमोर बोलली काऊन नाई? माह्यं नाव घ्यायचं होतं ना."

अजीजुन्निसानं बोचक्याची गाठ आवळली. ती चिडली असती तर जनकाबाईला बरं वाटलं असतं.

"तू उठली ना वं," ती म्हणाली. "मले वाटलं, आता जनका सांगते. आमच्या गंजीत एक बोंड नसते, हे तुह्याशिवाय कोनाले माईत होतं? मी तुह्याच तोंडाकडे पाहून राह्यली होती."

गावाला जिच्या जिभेची धास्ती, ती जनकाबाई ओचा धरून उभी राहिली.

"मी आज सांगते," शेवटी ती म्हणाली. "पारावर जाऊन सांगते. समद्याइले सांगते."

"सांग. सांगाले पाह्यजे." अजीजुन्निसानं रस्त्याकडे पाहिलं. टेम्पो वळणावर दिसत होता. "पन आता सामान बांधून झालं."

मग तिनं हात पुढे केला आणि जनकाबाईच्या ओच्यातली बोंडं घेतली. सवयीनं एकेक कवट अंगठ्यानं फोडलं, डागाळलेली चिमूटभर रुई नखानं ओढून काढली आणि बोचक्याच्या कोपऱ्यात खोचली. रिकामी कवटं तेवढी जनकाबाईच्या ओच्यात परत टाकली.