राजाला कोण सांगणार

मी घरात थोरली. निर्णय मी घेते, आणि माझं म्हणजे एक घाव दोन तुकडे. मध्ये कोणी बोललेलं मला खपत नाही. म्हणून धाकटा भाऊ प्रबुद्ध मँचेस्टरला ऑफिसात बसल्या जागी गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "आबांना कोणी काही सांगायचं नाही."

आबा म्हणजे आमचे वडील, कडूबा. वय सत्त्याऐंशी, हृदयात दोन स्टेंट, बर्मिंगहॅमला माझ्याकडे राहतात. "त्यांना झेपायचं नाही," मी म्हटलं. कोणत्या डॉक्टरनं सांगितलं होतं? कोणीही नाही. मी स्वतःच तीस वर्षं नर्स, मला कोण विचारणार! प्रबुद्धची बायको मंजिरी रडत रडत म्हणाली, "ताई, बाप आहेत ते. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" तिलाही मी गप्प केलं.

आपल्याकडे असंच करतात ना? माणूस गेलेला असला तरी फोनवर 'सिरियस आहे, निघा' एवढंच सांगतात. पण तिकडे ते लपवणं चार-सहा तासांचं असतं, घरी पोचलं की कळतंच. इथे रजिस्ट्रार, पेपरवर्क, क्रेमेटोरियमची तारीख. प्रबुद्ध अठरा दिवस फ्युनरल डायरेक्टरच्या शवागारात होता. अठरा दिवस! त्यातल्या कुठल्याही दिवशी आबांना गाडीत बसवून मी दोन तासांत मँचेस्टरला नेऊ शकले असते. रोज ठरवायचे, उद्या सांगू. आबांना सांगितलं, प्रबुद्ध कामासाठी कॅनडाला गेलाय. लोकांना सांगितलं, आबांना बरं नाही.

आणि गंमत बघा, गंमत कसली, पाप माझं. इकडे मिडलँड्समध्ये आपल्या समाजात कोणी गेलं की त्रिशरण-पंचशील म्हणायला आबांनाच बोलावतात. चाळीस वर्षं झाली. किती परक्यांच्या पोरांना त्यांनी निरोप दिला असेल! स्वतःच्या पोराच्या वेळी ते आबांच्या मित्रानं, विष्णूकाकांनी म्हटलं, आणि आबा घरी टीव्हीवर स्नूकर बघत बसले होते. मी ट्रेनिंगला जाते म्हणून सांगून निघाले होते.

गेल्या शनिवारी दुपारी माझी लेक दिया हिस्टरीचा होमवर्क घेऊन आबांजवळ किचनमध्ये बसली. तिचं मराठी म्हणजे आनंदच, पण आबांशी ती मराठीतच बोलते.

"आबा, हा किंग हेन्री. नाइन हंड्रेड इयर्सपूर्वीचा. त्याचा एकच वारस, विल्यम, सतरा वर्षाचा. ते लोक फ्रान्सवरून इंग्लंडला येत होते. व्हाइट शिप नावाचा जहाज. सगळे ड्रंक! जहाज खडकावर आपटला."

"मग पोरगा?"

"त्याला छोट्या बोटमध्ये बसवलं. तो सेफ होता, आबा! पण त्याची बहीण ओरडत होती, म्हणून तो परत गेला. मग सगळ्यांनी त्याच्याच बोटमध्ये उड्या मारल्या. बोट बुडला."

मी सिंकपाशी उभी होते. विषय बदलावा म्हणून विचारलं, "आबा, चहा टाकू का?" त्यांनी ऐकलंच नाही.

"बापाला कधी कळलं?" त्यांनी दियाला विचारलं.

"कोणी सांगेनाच! सगळ्यांना माहीत. लपून रडायचे आणि राजासमोर एकदम नॉर्मल. शेवटी एका लहान मुलाला पुढे ढकललं."

"किती दिवस लपवलं?"

"एक दिवस, आय थिंक."

"एकच?" आबा म्हणाले. "बरी होती म्हणायची ती माणसं."

दिया माझ्याकडे बघायला लागली. तिलाही मी शपथ घातली होती. बारा वर्षांच्या पोरीला! आता सांगताना लाज वाटते.

"मृणाल," आबा म्हणाले, "विष्णूचा फोन आला होता. तीन आठवडे झाले. मी आजारी म्हणून आलो नाही असं वाटलं बिचाऱ्याला. त्यानं माझं सांत्वन केलं. मी हं हं करत राहिलो."

"तीन आठवडे? आणि तुम्ही बोलला नाहीत, आबा?"

"म्हटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. लेक आहेस माझी, सांगशीलच."

आयुष्यभर माझ्याजवळ उत्तरं तयार असतात. स्टेंट, बीपी, काळजी, सगळं पाठ होतं. "चुकलं माझं, आबा," एवढंच म्हणाले. आबा पुन्हा दियाकडे वळले.

"बाळा, त्या राजाला पोराचं तोंड तरी बघायला मिळालं का, शेवटचं?"

"नो, आबा. बॉडी सापडलीच नाही. समुद्रातच राहिला तो."

आबांनी वहीतल्या जहाजाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"त्याला समुद्रानं बघू दिलं नाही," ते म्हणाले. "मला तू दिलं नाहीस."