निळी डबी

लग्नाच्या वेळी प्रफुल्ल थूलच्या घरच्यांनी माधवीत एकच खोट काढली होती, दातांची. तिचे वरचे पुढचे दात ओठांच्या बाहेर यायचे. तोंड मिटून बसली तरी ते पुरतं मिटत नसे. आधीची दोन-चार स्थळं त्यावरूनच परत गेली होती. प्रफुल्ल मात्र हो म्हणाला. पोरगी डी.एड. झालेली, बोलायला शांत, आणि बघायच्या दिवशी ती त्याच्याकडे अशी बघत होती की हाही आता उठून जाणार हे जणू तिला ठाऊकच होतं. तो उठला नाही. लग्नात त्याच्या मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मोठं मन केलं रे तू." ते बोलणं प्रफुल्लच्या आत जाऊन बसलं ते कायमचंच. आपण माधवीवर उपकार केला आहे आणि तिलाही तो मान्य आहे, या समजुतीवर त्याचा संसार मजेत चालला होता.

घर बोरगाव मेघेत. प्रफुल्ल रोज गाडीने हिंगणघाटला जायचा, तिथल्या एका जिनिंगमध्ये तो काट्यावर होता. कापसाच्या गाड्या यायच्या, तो तोलायचा. माधवी घराजवळच्या शाळेत लहान पोरांना शिकवायची. वर्गात ती जास्त वेळ फळ्याकडेच तोंड करून बोलायची. हसू आलं की ओढणी किंवा हात, जे जवळ असेल ते तोंडावर जायचं. प्रफुल्ल तिला लाडाने "फावडं" म्हणायचा. "आमचं फावडं कुठं गेलं?" असं दारातूनच विचारत आत यायचा. ती काही बोलत नसे. बोलत नाही म्हणजे तिला चालतं, असं त्याने धरून ठेवलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रेरणा. तिचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते आईसारखेच, पुढे झुकलेले. एका रविवारी तिघं जेवायला बसली होती. प्रफुल्ल हसत म्हणाला, "आता घरात दोन फावडी झाली." प्रेरणाही हसली आणि हसता हसता तिचा हात तोंडावर गेला. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. माधवी लेकीच्या त्या हाताकडे बघत राहिली. तिचं जेवण तिथेच थांबलं.

पुढच्याच आठवड्यात ती आर्वी नाक्याजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि दातांना तारा लावून आली.

"या वयात?" प्रफुल्लने विचारलं.

"हो."

"कोणासाठी करून राह्यली हे?"

"पोरगी पाह्यते मले," माधवी म्हणाली. "तिले दुसरं काही दिसलं पायजे."

दोनेक वर्षं तारा राहिल्या. तारा आवळल्या की माधवीचा जबडा ठणकायचा आणि घरात मऊ खिचडी व्हायची. प्रफुल्लने सुरुवातीला थट्टा केली, मग लक्ष देणं सोडून दिलं. दात रोज किती सरकतात ते रोज बघणाऱ्याला कळत नाही. तारा निघाल्या त्या संध्याकाळी माधवी घरी आली, चपला काढल्या आणि त्याच्याकडे बघून हसली. क्षणभर प्रफुल्लला वाटलं, कोणी परकी बाई चुकून आपल्या घरात शिरली आहे.

डॉक्टरीणबाईंनी तिला एक प्लेट दिली होती. टाळूला बसेल अशी गुलाबी, पुढे बारीक तार असलेली. ठेवायला निळी डबी. नंतरच्या तपासणीला प्रफुल्लही सोबत गेला तेव्हा डॉक्टर त्यालाच समजावून सांगत होत्या. "जेवताना काढायची, बाकी सारा वेळ तोंडात पाहिजे. ढिलाई केली तर दात मागे फिरतात."

"म्हणजे पहिल्यासारखे?"

"अगदी तसेच नाही. पण जातात त्या बाजूला. दातांना जुनी जागा आठवत असते."

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन माधवीकडे आलं. प्रफुल्ल मागच्या रांगेत बसला होता. स्टेजवर एका पोराची टोपी पडली आणि माधवी माइकसमोरच मोकळं हसली. सारा मंडप तिच्याबरोबर हसला. पुढच्या खुर्चीवरचा कोणी पालक शेजारच्याला म्हणाला, "या कोण मॅडम? नवीन आल्या का?" प्रफुल्लने ते ऐकलं. त्याला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. भर गर्दीत खिसा हलका लागावा, तसं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "फावडं तर हिरोईन झालं आज."

माधवी कानातले काढत होती. तिने मान वळवली नाही. "माझं नाव माधवी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, राग दाखवला नाही. तो शब्द प्रफुल्लच्या तोंडून परत कधी निघाला नाही. पण त्या दिवसापासून घरात बोलताना तो अडखळायला लागला. ती मान वर करून, सरळ बघून बोलायची, आणि आधी नजर हटायची ती त्याची.

उन्हाळ्यात ते कारंजाला माधवीच्या मावशीला बघायला गेले. परतताना हायवेवरच्या एका ढाब्यावर जेवले. माधवीने जेवायच्या आधी प्लेट काढली. डबी घरी राहिली होती म्हणून प्लेट कागदी रुमालात गुंडाळून ताटाजवळ ठेवली. जेवण झालं. माधवी प्रेरणाला घेऊन हात धुवायला गेली. पोऱ्या ताटं उचलायला आला. प्रफुल्लला तो रुमाल दिसत होता. पोऱ्याने तो उष्ट्या ताटात टाकला, त्यावर दुसरं ताट ठेवलं आणि घेऊन गेला. प्रफुल्लने फक्त तोंड उघडायचं होतं. त्याने ते उघडलं नाही.

तळेगाव मागे पडल्यावर माधवीच्या लक्षात आलं. ते परत फिरले. ढाब्यामागे खरकट्याचा ढीग होता आणि त्यात कुत्री तोंड घालत होती. माधवी कडेला उभी राहून रडली. "माझंच ध्यान नाई राह्यलं," ती सारखी म्हणत होती. प्रफुल्लने तिच्या पाठीवर हात ठेवला. फार दिवसांनी ती त्याच्याजवळ अशी सरकून उभी राहिली होती, आणि त्याला बरं वाटलं. किती बरं वाटलं, याची त्यालाच भीती वाटली.

नवी प्लेट बनून यायला वेळ लागला. तेवढ्यात पुढच्या दातांत बारीक फट पडली. माधवी आरशासमोर उभी राहून ती नखाने चाचपायची. प्रफुल्ल लांबून बघायचा. तिचा आवाज थोडा उतरला होता. शाळेत पाहुणे आले तेव्हा बोलायला तिने दुसऱ्या बाईंना पुढे केलं. एकदा भाजीवाल्याशी बोलताना तिचा हात ओठांपर्यंत गेला. त्या रात्री प्रफुल्लला शांत झोप लागली.

दुसरी प्लेट आली आणि महिनाभरात फट बुजली. माधवी पुन्हा मान वर करून चालायला लागली.

हे त्याने ठरवून केलं, असं त्याला स्वतःलाही म्हणवलं नसतं. एका सकाळी माधवी नाश्त्याला प्लेट काढून आंघोळीला गेली. निळी डबी ओट्यावर होती. प्रफुल्लने ती खिशात घातली आणि गाडी काढली. हिंगणघाटला वणा नदीच्या पुलावर त्याने गाडी कडेला घेतली, डबी उघडली आणि प्लेट खाली सोडली. पाणी हिरवट, थांबलेलं होतं. आवाजसुद्धा आला नाही. डबीही टाकणार तेवढ्यात मागून जिनिंगमधले डोमाजी सायकलवर आले.

"काऊन थांबला गा? गाडी बंद पडली का?"

"नाई जी. असाच."

त्याने डबी गाडीच्या डिकीत कोंबली. दिवसभर गाड्या येत राहिल्या आणि तो ती विसरला. घरी माधवीने सारं घर पालथं घातलं होतं. प्रफुल्लही तिच्यासोबत पलंगाखाली वाकून बघत राहिला. "मांजर येते ना खिडकीतून," तो म्हणाला. "तिनंच नेली असंन." माधवीने मान हलवली. दोन दिवसांनी त्याला डबी आठवली. त्याने डिकी उघडली. आत गाडीचे कागद होते, पुसायचं फडकं होतं. डबी नव्हती.

तिथून त्याचं सारं बिनसलं. डिकीची चावी घरात खिळ्याला टांगलेली असायची. घरात तिघंच. माधवी काही विचारेल म्हणून तो रोज वाट बघायचा. ती चहा द्यायची, डबा भरून द्यायची, आज कापूस किती आला ते विचारायची. आवाजात काहीही नसायचं. एकदा ती उशिरा घरी आली. "डॉक्टरकडे गेलती," ती म्हणाली. "दातांच्या मांगून तार चिकटवून घेतली. आता काढाचं काम नाई, हरवाचं काम नाई." आणि त्याच्याकडे बघून हसली. त्यानंतर ती रोजच तशी हसायची. तो घरात आला की, जेवायला बसला की, उठला की. सगळे दात दिसतील असं, सावकाश. डोळे मात्र त्याच्यावर रोखलेले. शेजारपाजारचे म्हणायचे, थूल मॅडम किती प्रसन्न असतात. प्रफुल्लला तिने भांडावं असं वाटायला लागलं.

भांडण झालं नाही. दिवाळीनंतर माधवी प्रेरणाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वय लहान, दात अजून वळतील म्हणून तिला काढ-घालीची प्लेट मिळाली. माधवीने ती प्रफुल्लच्या हातात दिली. निळ्या डबीत. झाकणावर गाडीच्या तेलाचा डाग होता.

"पोरगी धांदरट आहे," ती म्हणाली. "प्लेट धुवाची, ठेवाची, तिले घालून द्याची, सारं आता तुमच्याकडं. तुमीच सांभाळा."

प्रफुल्लने डबी घेतली. झाकणावरचा डाग त्याने अंगठ्याने झाकला.

त्याने जिवापाड सांभाळली. सकाळी स्वतः ब्रशने प्लेट धुवायचा, लेकीला घालून द्यायचा, शाळेतून येऊन खाताना ती प्लेट डबीत काढून ठेवायची, ती संध्याकाळी घरी आल्या आल्या पुन्हा घालून द्यायचा. कामावर असताना मध्येच फोन करायचा, "प्लेट आहे ना?" प्रेरणा कंटाळून हो म्हणायची. काट्यावर त्याचे आकडे चुकायला लागले. रस्त्यात कागदाचा बोळा दिसला तरी गाडी थांबवून तो उलगडून बघायचा. ही खरंच कुठे पडली, कोणी उचलली, कुत्र्याने नेली, तर आपण काय सांगणार? खरं सांगितलं तरी कोण ऐकेल? प्रेरणाचे दात मात्र आत वळत होते. वर्गात ती आता कविता म्हणायला उभी राहते, असं माधवी शेजारणीला सांगत होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा डबी फळीवर होती. त्याने उघडली. रिकामी. प्लेट फळीवर नव्हती, ओट्यावर नव्हती, मोरीत नव्हती. त्याने कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला आणि सालपटांत हात घातला. माधवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"डबी रिकामी आहे." त्याचा आवाज फाटला होता. "माधवी, मी नाई फेकली. पोरीची शपथ. ते दोन्ही वेळा मी... पण हे मी नाई केलं."

माधवी हसली नाही. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा नुसता, उघडा दिसत होता.

"दोन्ही वेळा?" ती म्हणाली.

प्रफुल्ल सालपटांत हात ठेवून तसाच बसला. पुलावरचं तिला माहीत होतं. ढाब्यावरचं नव्हतं. ते तिने आजपर्यंत स्वतःच्याच माथी ठेवलं होतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. प्रेरणा हातात पुस्तक घेऊन उभी होती. ती बोलली तेव्हा शब्द जरा बोबडे आले, तोंडात प्लेट असल्यावर येतात तसे. "बाबा, मी घातली ना. तुमी घरी याच्या आधीच घातली." मग तिने एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघितलं. "दोन्ही वेळा काय?"

"सांगा तिले," माधवी म्हणाली.

त्याने सांगितलं. खाली बघत, तुटक, पण ढाबा आणि पूल दोन्ही सांगितले. प्रेरणाने सारं ऐकून घेतलं. काऊन, एवढंही विचारलं नाही. ती पुढे आली, सांडलेल्या कचऱ्याला वळसा घालून तिने फळीवरची डबी उचलली आणि आत निघून गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

प्रफुल्ल आजही त्याच घरात राहतो. काट्यावर जातो, येतो. डबी कुठे असते ते त्याला माहीत नाही आणि विचारायची त्याची हिंमत नाही. कधी लवकर आला तर बाहेर गाडी लावतानाच त्याला आतून दोघींचं खळखळून हसणं ऐकू येतं. तो मुद्दाम हळू गाडी लावतो. चपला काढतो. आणि तो उंबऱ्याच्या आत आला की दोघी ओठ मिटून घेतात.