शिवकन्याची सबब

शिरूर कासारकडं सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, म्हणून शिवकन्या आणि तिचा नवरा सुग्रीव दिवाळीआधीच ऊसतोडीला गेले. उसाची गाडी सहकारी कारखान्यावर खाली झाली की सुग्रीव ट्रॅक्टरवाल्यांबरोबर बाजारामागच्या वस्तीत बायांकडं जायचा. टोळीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्याच वस्तीतला आजार घेऊन त्याचा दोस्त त्रिंबक वाळून मेला. सुग्रीवनं त्याला खांदा दिला आणि पुन्हा गाडीवर चढला. अशा माणसाला काय म्हणावं?

शिवकन्याला त्या आजाराची धडकी भरली होती. पण नवऱ्याला तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून तिनं सबब काढली.

"मला दिवस गेले तर तुमच्या जोडीला ऊस कोण तोडंल? निरोध वापरा."

हे मात्र त्याला पटलं. कारखान्यावर येणारी नर्स पाकिटं फुकट द्यायची. कुरकुरत का होईना, तो वापरायचा.

हंगाम सरला. गावी आल्यावर तिची कंबर दुखायची, अंगावरून पांढरं जायचं. बीडच्या एका डॉक्टरनं नीट न तपासताच सांगितलं, गर्भपिशवी काढून टाका. शिवकन्या अडून बसली.

"दोन लेकरं झाली की. अजून किती पायजेत तुला?" सासू भामाबाई कावली.

सुग्रीव मात्र मायेनं म्हणाला, "तुझे हाल बघवत न्हाईत गं मला." तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. त्या मायेपुढं तिचं काही चाललं नाही. तिशीच्या आत तिची पिशवी गेली.

जखम भरल्यावर एका संध्याकाळी तो जवळ आला. तिनं पाकीट पुढं केलं. तो हसला.

"आता ह्याचं काय काम? पिशवीच न्हाई."

तिनं दुसरी सबब शोधून पाहिली. सापडली नाही.

"तरी बी वापरा."

त्याचं हसू गेलं.

"काहून? मी गाडीवर गेल्यावर तू कुणाकडं गेलतीस?"

शिवकन्याच्या ओठावर त्या आजारानं मेलेल्या त्रिंबकचं नाव आलं होतं. ते तिनं गिळलं.

"न्हाई ओ. सवय झालती, म्हणून म्हणलं."

सुग्रीवनं माफ केल्यासारखी मान हलवली आणि तिला जवळ ओढलं.