जनूची तारीख

एप्रिलच्या भर उकाड्यात जनूने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि कण्हायला सुरुवात केली. ओसरीवर माणसं येऊन ठेपली होती.

"ताप हाय त्यांना," दारात उभी राहून धोंडुबाई म्हणाली. नवऱ्यासाठी खोटं बोलायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची, त्यामुळे तिला ते जमतही नसे. वाक्य संपता संपता तिला हसू फुटलं.

"गोधडी काढ गो त्याची," कृष्णाबाई म्हणाली. ती जनूच्या शेजारच्या मिठागराची, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि कुणाची भीडभाड न ठेवणारी. "नारळ कवाचा वाट बघतोय देवळात."

कासूच्या खाडीकडे मीठ पिकवणारी जी वीसेक घरं उरली होती, त्यांचा हा रिवाज होता. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मारुतीपुढे नारळ फोडायचा आणि जनूने पावसाची तारीख सांगायची. त्याआधी मीठ ओढून, रास रचून ती झाकायची. दुपारचा वारा कधी फिरतो, खेकडे बिळाची तोंडं कुठल्या बाजूला करतात, कावळा घरटं किती उंच बांधतो, हे सगळं हिवाळ्यापासून बघून जनू आडाखा बांधायचा. हे काम त्याच्याकडे बापाकडून आलेलं, आणि त्यासोबत एक नियमही. तारीख एकदाच बोलायची आणि खोबरं वाटून होईपर्यंत पुन्हा तोंड उघडायचं नाही.

गेल्या वर्षी त्याने तीन जून सांगितली होती. वीस मेलाच खाडीवरून असं वारं आलं की देवळाचा पत्रा गडगडत रस्त्यापर्यंत गेला. बाकीच्यांच्या राशी आदल्याच दिवशी झाकून झालेल्या, एकट्या जनूची उघडी. एरवी लवकर आलेल्या पावसाला तो अवकाळी म्हणायचा आणि थोडंफार मीठ गेल्याचं मनावर घ्यायचा नाही; या खेपेला मात्र त्याच्या डोळ्यांदेखत अर्धं मीठ विरघळून खाडीला मिळालं. तेही त्याने सोसलं असतं, पण त्यावर गावात कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी चिडवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. आपल्यावरचा विश्वासच उडाला म्हणून लोक गप्प आहेत, असं त्याने धरलं आणि वर्षभर पारावर पाय ठेवला नाही.

"मी नाय येणार," गोधडीतून आवाज आला. "पाऊस मोबाईलवर बघा. माझं चुकतंय आता."

"मोबाईल आठवड्याच्या पुढचं काय धड सांगत नाय," अस्लम म्हणाला. तो रोह्याचा मिठाचा व्यापारी. मस्कतहून परत आल्यापासून दर वर्षी इथूनच माल उचलायचा आणि तारीख ऐकायला जातीने हजर राहायचा. "मला टेम्पो महिनाभर आधी ठरवावे लागतात, काका. तारीख तर पायजे."

"चुकलेली तारीख घेऊन काय करशील?"

"चुकलेली कोण बोल्लं?" कृष्णाबाई तडकली. "निसर्ग वादळाच्या साली तू पंधरा जून बोल्लास. आमी एकतीस मेला झाकलं, वादळ आलं तीन जूनला. तौक्तेच्या साली तू तीस मे बोल्लास. आमी पंधराला झाकलं, मग सुटलं वारं. गेल्या साली तीन जून, आमी एकोणीस मेला झाकलं. कवा चुकलास तू? तू सांगायचं, आमी त्यातनं पंधरा दिवस वजा करायचे. तूच नाय बोल्लास तर वजा कशातनं करू?"

बोलून गेल्यावर तिने पदर तोंडाला लावला. अस्लम छपराच्या वाशांकडे बघू लागला. गोधडी हळूहळू खाली सरकली.

"कवापासून?" जनूने विचारलं.

"तुझा बापूस गेला, त्याच्या दुसऱ्या सालापासून."

म्हणजे एकोणतीस वर्षं. लोक लवकर झाकायला लागले की दर वर्षी जनू बांधावरून ओरडायचा, 'भित्रे कुठले!' आणि लोक हसायचे. का हसायचे, ते त्याला आज कळत होतं.

"वाफ्यात मीठ धरायला लागलं की तुमाला वाटतं, अजून पंधरा दिवस असंच चालावं," धोंडुबाई म्हणाली. "पाऊस बरोबर ओळखता. मग वर स्वतःचे पंधरा घालता."

जनूने रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण राग काही येईना. त्याऐवजी पोटातून हसूच आलं, आणि खाट करकरेपर्यंत तो हसत राहिला. एकोणतीस वर्षं या माणसांनी त्याचं मन राखलं होतं. वर्षभराची शरम कुठल्या कुठे गेली. त्याने खुंटीवरचा सदरा ओढला.

देवळाच्या वाटेवर मात्र त्याची पावलं मंदावली. गेल्या वर्षीचा चटका लक्षात ठेवून यंदा त्याने मनाची आस बाजूला सारली होती आणि फक्त वारा, खेकडे, कावळे पाहिले होते; म्हणजे स्वतःचे दिवस घातलेच नव्हते. मनात तारीख होती सतरा मे, अगदी चोख. ती तशीच सांगितली तर ही मंडळी दोन मेलाच राशी झाकून बसणार. ऐन कडक उन्हाचे, सगळ्यात पांढऱ्या मिठाचे पंधरा दिवस हातचे जाणार.

नारळ फुटला. जनूने हात जोडले.

"एक जून!"

कृष्णाबाई बोटं मोजू लागली आणि मधेच थांबली.

"थांबा. ह्याला आता कळलंय. ह्याने आधीच वजा करून सांगितलं, का आपण करायचं?"

देवळात गलका झाला. "आता कळल्यावर कशाला जास्तीचे घालतील?" अमोल म्हणाला. त्याचं मिठागर सगळ्यात मोठं. "मी तर एक जूनच धरतो." दोन-चार माना हलल्या, मग आणखी काही हलल्या.

जनूचं तोंड उघडलं आणि मिटलं. खोबरं अजून ताटातच होतं. एक जून धरली तर वीसच्या वीस घरांचं मीठ पावसात जाणार होतं, आणि ते त्याच्या शब्दावर. मान हलवणं म्हणजेही बोलणंच, असं बाप सांगायचा. त्याने नुसतं धोंडुबाईकडे पाहिलं.

ती खांबाला टेकून उभी होती. तिने त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"वजा करा," ती म्हणाली.

"कशावरनं गो?" कृष्णाबाईने विचारलं.

"खोटं बोलताना ह्यांचा आवाज चढतो."

अख्खं देऊळ हसलं. अमोलही हसला. कृष्णाबाईने राहिलेली बोटं मोजली आणि अस्लमने तिथूनच रोह्याला फोन लावला. "सतरा मे," तो टेम्पोवाल्याला सांगत होता. "पक्की."

ताट फिरलं. जनूने खोबऱ्याचा तुकडा चावून गिळला. आता बोलायला हरकत नव्हती.

"तू चुकली असतीस तर?" त्याने हळूच विचारलं.

"पावसात?"

"माझ्यात."

धोंडुबाईने उरलेलं खोबरं पदराला बांधलं.

"चला," ती म्हणाली, "दुपारचं मीठ ओढायचं हाय."