हळदीच्या पानातलं घर

मुलांनो, समजा, तुम्ही करंगळीएवढे आहात. अंग हिरवं, डोकं काळं. वर ऊन, झाडावर पक्षी टपलेले. काय कराल? हळदीच्या पानाची कड ओढाल, तोंडातल्या रेशमाने टाके घालाल आणि आत दडून बसाल. भूक लागली की घराच्याच भिंती खाल!

शनिवार पेठेतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मंदाकिनीबाईंच्या गॅलरीतल्या कुंडीत अशीच एक अळी राहत होती. बाईंचा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेलेला. शेजारच्या तनयाला त्यांनी आधी लालसर अंडं दाखवलं, मग अळी. गुंडाळलेल्या पानाच्या देठाला लाल दोरा बांधला.

"आता ती कोष करून झोपेल. मग तपकिरी फुलपाखरू निघेल, टुणटुण उड्या मारत उडणारं. तोवर नियम काय?"

"आधी बघायचं, मग हात लावायचा!"

गणेश चतुर्थीला मोदकांखाली घालायला बाईंनी हळदीची पानं कापली. लाल दोऱ्याचं तेवढं राखलं.

"अगं, गणपती दीड दिवसाचा आहे," बाईंचे यजमान श्यामसुंदरराव बाहेरून म्हणाले. "मोदक विसर्जनानंतर देणार आहेस का?"

"अहो, मग वाफेलाच सांगा घाई करायला!"

बाईंनी झाकण काढलं. तनया टाचा उंचावून बघत होती. पहिला मोदक उचलला आणि बाईंचा हात तिथेच थांबला. खालच्या पानाची कड रेशमाने शिवलेली होती. वाफेने टाके सुटले होते. आत फिकट कोष होता. शिजलेला.

"पण आपलं पान तर..." तनया गॅलरीत धावली. दोऱ्याचं पान तिने उलगडलं. रिकामं!

वाढताना अळी घर बदलते, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. पण सकाळी त्यांनी दोरा पाहिला होता, पानं पाहिलीच नव्हती.

"आजी, तुम्ही आधी बघितलं नाहीत?"

बाईंनी हातातला मोदक खाली ठेवला. "नाही गं. नाही बघितलं."

"झालं का? आरतीला सगळे खोळंबलेत," म्हणत श्यामसुंदरराव दारात आले, आणि हातातली झांज छातीशी धरून तिथेच थांबले.

दुसऱ्या घाण्याची पानं ताटात तशीच होती. तनयाने त्यातलं एक देठाला धरून उचललं, खिडकीच्या उजेडात नेलं. आधी नुसतं बघितलं. मग कडेवरून हळूच बोट फिरवलं, पान बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं.