सवतीची पोरं

“खा की रे मेल्या! किती नखरे करशील?”

भिंगवाल्यांची बायको डबीवर वाकून ओरडत होती. डबी तळहाताएवढी, पारदर्शक प्लास्टिकची, झाकणाला भोकं पाडलेली. आत ओलसर मातीवर अंगठ्याच्या नखाएवढा एक केसाळ कोळी बसला होता आणि त्याच्यासमोर एक रातकिडा मजेत मिशा हलवत फिरत होता. कोळी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

“परवापासून अन्नाला शिवलेला नाही हा,” ती पलंगाकडे वळून म्हणाली. “अहो, बघताय ना? एवढा ताजा किडा दिलाय, तरी फुगून बसलाय. अगदी तुमच्यावर गेलाय.”

बघत तर होतेच भिंगवाले. पलंगावर पडल्या पडल्या बघण्यावाचून त्यांच्या हातात राहिलंच काय होतं?

उभा जन्म त्यांनी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली. मागच्या खोलीत चाकासमोर मान खाली घालून बसायचं. पुढे गिऱ्हाईक कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही. भिंगवाले हे नाव तिथलंच, ते चिकटलं ते घरापर्यंत आलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा माणूस एके दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यातून टॅरेंटुला घेऊन आला. भला थोरला, केसाळ, पंजाएवढा कोळी! बायकोने घर डोक्यावर घेतलं. त्यात ती मादी आहे म्हणून कळलं, मग तर विचारूच नका. “ती राहील नाहीतर मी राहीन!” दोघीही राहिल्या. बायकोने तिचं नाव ठेवलं सवत. सवत बरीच वर्षं सुखाने नांदली आणि म्हातारी होऊन मेली. मग भिंगवाल्यांनी मोहरीच्या दाण्याएवढी तीन पिल्लं आणली. ती झाली सवतीची पोरं.

त्यांच्या डब्या पलंगाशेजारच्या फळीवर असत. बायको त्या फळीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. झाडू मारायचा तो उंबऱ्यापासून, लांब हात करून.

आणि मग भिंगवाल्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असंही नाही. एक शब्द राहिला. ‘बरं.’ पाणी हवं असेल तरी बरं, पाठ दुखत असेल तरी बरं, जीव नकोसा झाला तरी बरं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, फक्त जिभेवर येत नाही. मानेचाही भरवसा नव्हता. हो म्हणायला जावं तर ती आडवी हलायची, नाही म्हणायला जावं तर उभी. दोन-चार वेळा घोळ झाल्यावर घरात कुणी त्यांच्या मानेकडे बघेनासं झालं.

हॉस्पिटलातून घरी आणलं त्याच दिवशी बायको पदर खोचून फळीपाशी गेली. डोळे अर्धे मिटून, चिमट्याने एकेक किडा पकडून तिने तिन्ही डब्यांत टाकला, पाण्याचा थेंब सोडला आणि मोरीत जाऊन उलटी केली. भिंगवाले त्या दिवशी रडले. तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं उंबऱ्यातून जेवढं दिसलं, तेवढं तिने उचललं होतं.

जे दिसलं नव्हतं, ते राहिलं.

आता भिंगवाल्यांना इथून स्पष्ट दिसत होतं की कोळ्याचं पोट काळं पडून चकाकायला लागलंय. तो कात टाकणार होता. कात टाकायच्या आधी कोळी खाणं सोडतो. मग उताणा पडतो, मेल्यासारखा, आणि जुन्या कातडीतून हळूहळू एकेक पाय सोडवून घेतो. बाहेर येतो तेव्हा लोण्यासारखा मऊ असतो. दात मऊ, पाय मऊ, काही दिवस तो कुणाचं काही वाकडं करू शकत नाही. अशा वेळी डबीत जिवंत किडा ठेवायचा नसतो. भुकेला रातकिडा त्याला कुरतडून खातो. भिंगवाले तेवढे दिवस डबी रिकामी करून ठेवायचे. पण हे काम ते गुपचूप करायचे, एका चिमट्याचं काम ते. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

“काढ तो किडा!” भिंगवाले ओरडले.

“बरं!” तोंडातून निघालं. “बरं! बरं!”

“बरं ना? मलाही तेच वाटलं. एकाने काय होतंय त्याचं!” म्हणत तिने दुसरा रातकिडा सोडला.

भिंगवाल्यांनी डावा हात उचलून फळीकडे बोट केलं.

“पाणी हवंय?”

“बरं.”

तिने पाणी पाजलं. त्यांनी पुन्हा बोट केलं. तिने पंखा लावला. पुन्हा बोट केलं, तर तिने लघवीचं भांडं आणलं. मग तीच हिरमुसली. “अहो, सांगा ना नीट. मला मेलीला काही कळत नाही.”

दुपारी मुलीचा फोन आला. ती सासरी, लांबच्या गावी. बायकोने फोन त्यांच्या कानाला लावला. भिंगवाल्यांनी जीव तोडून सगळं सांगितलं, काळ्या पोटापासून रातकिड्यापर्यंत. पलीकडे नुसतं बरं, बरं, बरं पोचलं. “आई, बाबांचा आवाज किती छान खणखणीत झालाय गं!” मुलगी म्हणाली. दोघी खूश झाल्या.

फोन ठेवला तेव्हा कोळी उताणा पडला होता.

भिंगवाल्यांना राहवेना. फळी नेमकी लुळ्या बाजूला. त्यांनी डावा हात छातीवरून पलीकडे टाकला, दात आवळून अंग रेटलं. डबी वीतभर लांब राहिली. आणखी रेटल्यावर हात स्टुलावरच्या ग्लासाला लागला आणि ग्लासभर पाणी गादीवर सांडलं.

बायको धावत आली. चिडली असती तर परवडलं असतं. ती चिडली नाही. तिने त्यांना तान्ह्या पोरासारखं इकडून तिकडे वळवत चादर बदलली, अंग पुसलं, पाठ बघितली. “बाई गं, लाल झालीय नुसती! आता या कुशीवर पडा बघू थोडा वेळ.” आणि तिने त्यांचं तोंड भिंतीकडे केलं.

भिंतीचा रंग फिका हिरवा होता आणि एका जागी पोपडा आला होता. भिंगवाले त्या पोपड्याला सांगत राहिले, “बरं, बरं, बरं.” बायको मागे बसून थोपटत होती. “हो हो, कळतंय मला. पडा आता,” ती म्हणत होती. तिला काही कळत नव्हतं, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. रडता रडता त्यांचा डोळा लागला.

संध्याकाळी तिने त्यांना परत वळवलं. मग डबी हातात घेतली, उजेडात धरली आणि मटकन स्टुलावर बसली.

“अहो... याला खाल्लंय हो. किड्यांनी खाल्लंय. नुसते पाय राहिलेत.”

पूर्वी कोळी नुसता दिसला तरी किंचाळणारी ही बाई, ती आता त्याच्यासाठी हमसून हमसून रडत होती.

“सवतीचा असला म्हणून काय झालं? मी काही उपाशी नाही ठेवला त्याला. दोन दोन घातले. तुमचं पोर म्हणून घातले.” तिने डोळे वर केले. “माझं काही चुकलं का हो?”

भिंगवाल्यांच्या तोंडात अख्खं वाक्य तयार होतं. सकाळपासून ते घशाशी अडकलं होतं, आणि त्यात रागही होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं. केसांना सकाळपासून कंगवा लागलेला नव्हता. बोटांना मातीचा वास असणार आणि त्याच बोटांनी ती थोड्या वेळाने त्यांना भरवणार होती. नाही म्हणावं, असं त्यांना वाटलं. पण मान उलटी फिरली तर? तिने ते ‘हो’ समजलं तर? त्यांनी सगळा जीव मानेत आणला.

मान आडवी हलली.

“नाही?” बायको उठून उभी राहिली. “अहो, नाही म्हणालात! नीट नाही म्हणालात!”

तिने लगेच मुलीला फोन लावला. रडत, हसत, नाक पुसत सांगितलं, “मी विचारलं, माझं चुकलं का, तर बरोब्बर मान हलवली बाबांनी! नाही म्हणाले!” मुलगीही पलीकडे रडायला लागली.

फोन ठेवून तिने तोंडावर पाणी मारलं आणि किड्यांचा डबा घेऊन पाठमोरी फळीशी उभी राहिली. आता तिच्या आवाजात बळ आलं होतं.

“चला, उरलेल्या दोघांचं बघते. या धाकट्यानेही आज तोंड नाही लावलं मेल्याने. पोटही काळं पडलंय बिचाऱ्याचं, अशक्तपणाने असणार. याला दोन घालू ना?”

“बरं,” भिंगवाल्यांच्या तोंडून निघालं.

मान मात्र आडवी हलत होती. अगदी बरोबर हलत होती. तिने चिमटा उचलला, आणि तिच्या पाठीमागे भिंगवाले मान हलवत राहिले.